घोडेस्वार नट बेन जॉन्सन

नाटक असो वा चित्रपट असो, प्रेक्षकांची दृष्टी प्रथम नायकाकडे वळते. जाहिरातीच्या फलकावर त्याचेच चित्र मोठे असते आणि खेळ संपल्यावर लोकांच्या तोंडी त्याचेच नाव असते. परंतु एकट्या नायकाने कथा उभी राहत नाही. त्याला सावध करणारा मित्र लागतो, त्याच्याशी झुंजणारा शत्रू लागतो, त्याच्या शब्दासरशी घोड्यावर मांड टाकणारा शिपाई लागतो. देवळाचा कळस दुरून दिसतो. पण ज्या खांबांवर त्याचा भार तोललेला असतो, ते खांब आत गेल्यावाचून दिसत नाहीत. अमेरिकेतील चित्रपटसृष्टीत असाच एक भक्कम खांब होऊन गेला. त्याचे नाव बेन जॉन्सन. पन्नासांहून अधिक वर्षे तो चित्रपटांत वावरला. बहुतेक वेळा त्याचे नाव नायकाच्या नावाखाली, लहान अक्षरांत छापले गेले. तरीही त्याने जे दोन मान मिळविले, ते दोन्ही एकट्याने मिळविणारा दुसरा मनुष्य अद्याप झालेला नाही.

बेन जॉन्सनचे नाव ज्या चित्रपटांशी जोडलेले आहे, त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातील कथा. १८६५ साली तेथील यादवी युद्ध संपले. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत असंख्य कुटुंबे छपराच्या गाड्यांतून आणि पुढे आगगाडीतून पश्चिमेकडे सरकली. टेक्सास प्रांतात गुरांचे प्रचंड कळप होते. ते कळप शेकडो मैल हाकीत कॅन्सस प्रांतातील रेल्वेस्थानकांपर्यंत न्यावे लागत. हे काम करणाऱ्या घोडेस्वार गुराख्यांना 'काउबॉय' हे नाव पडले. त्यांची विद्या मूळची मेक्सिकोतील स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांची. दोराचा फास फेकून जनावर धरण्याच्या साधनास 'लासो' म्हणतात, तो शब्दही स्पॅनिशच आहे. या काळातील साहसांवर पुढे कादंबऱ्या निघाल्या आणि चलच्चित्रांचा शोध लागताच त्यांवर चित्रपटही निघू लागले. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा या प्रकारातील एक आरंभीचा गाजलेला चित्रपट १९०३ सालचा आहे. गंमत अशी, की पश्चिमेकडील दरोडेखोरांची ही कथा चित्रित झाली ती मात्र बरीचशी पूर्व किनाऱ्याजवळ, न्यू जर्सी प्रांतात! पुढे मात्र चित्रपटकारांनी खऱ्याखुऱ्या माळरानांत आणि खिंडींत आपले तळ ठोकले.

बेन जॉन्सनचा जन्म १३ जून १९१८ रोजी ओक्लाहोमा प्रांतातील फोरेकर या लहानशा गावी झाला. हा ओसेज जमातीचा मुलूख. या भागात पावसाळ्यानंतर गवत इतके उंच वाढते, की त्यात उभा माणूस झाकून जावा. अशा गवताळ टेकड्यांवर तेथील मोठमोठे गुरांचे व्यवसाय चालत. बेनच्या वडिलांचेही नाव बेन जॉन्सनच होते. ते चॅपमन-बार्नार्ड या विशाल पशुक्षेत्रावर मुख्य मुकादम होते आणि फास टाकण्याच्या स्पर्धांतील नामांकित विजेते म्हणून त्यांची दूरवर ख्याती होती. मुलाने चालायला शिकावे आणि लगेच घोड्यावर बसावे, असे हे घर होते. बेनला घोडा शिकविण्यासाठी वेगळा गुरू करावा लागला नाही. वडिलांचे काम पाहत, इतर गुराख्यांबरोबर उन्हातान्हात आणि बर्फात राबत तो ही विद्या शिकला.

गुराख्याचे जीवन पडद्यावर जेवढे रम्य दिसते, तेवढे ते प्रत्यक्षात नसते. पहाटे उठून घोड्यांना दाणावैरण घालावी, कुंपणे तपासावीत, कळपातून चुकलेले जनावर हुडकून आणावे, वासरांना डाग द्यावेत, आजारी गुरांची शुश्रूषा करावी, असे हे कष्टाचे काम. पिस्तुलापेक्षा दोराशी आणि खोगिराशीच गुराख्याचा संबंध अधिक. बेनला या कामाबद्दल दिवसाला एक डॉलर मिळे. या वेतनात माणूस जगे, पण शिलकीत काही पडत नसे.

१९४० च्या सुमारास एक वेगळेच गिऱ्हाईक घोडे विकत घेण्यास आले. हॉवर्ड ह्यूज हा विमानांचा व्यवसाय करणारा अत्यंत धनाढ्य गृहस्थ 'द आउटलॉ' नावाचा चित्रपट काढीत होता. त्याला त्यासाठी घोडे हवे होते. घोडे विकत घेतले गेले. पण ते आगगाडीच्या डब्यांतून ॲरिझोना प्रांतापर्यंत आणि तेथून पुढे हॉलिवूडपर्यंत सुखरूप कोण पोहोचविणार? ही कामगिरी बेनवर सोपविण्यात आली. तो तेथे गेला तो घोड्यांचा राखणदार म्हणून. नट होण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. परंतु हॉलिवूडमध्ये त्याच्या हाती पहिली रक्कम पडली ती तीनशे डॉलरची! दिवसाला एक डॉलर मिळविणाऱ्या तरुणाला हा आकडा पाहून काय वाटले असेल? तो पुढे हसत सांगत असे, की त्यानंतर कोणी सोटा घेऊन मागे लागले असते, तरी ओक्लाहोमाला परत जाण्यास तो तयार झाला नसता.

हॉलिवूडमध्ये त्या वेळी सुंदर चेहऱ्यांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो उत्तम घोडेस्वारांचा. वेस्टर्न चित्रपटातील नायक घोड्यावर बसून दौडतो, दरी ओलांडतो, धावत्या घोड्यावरून खाली कोसळतो. ही सारी कामे नायकाचे सोंग घेणारा नट नेहमीच स्वतः करीत नाही. नायकासारखा पोशाख केलेला, त्याच्याच बांध्याचा दुसरा मनुष्य त्या जागी येतो. कॅमेरा दूर असतो आणि घोडा वेगात असतो. त्यामुळे प्रेक्षकांना फरक कळत नाही. अशा मनुष्याला चित्रपटाच्या धंद्यात 'डुप्लिकेट' म्हणतात. हाड मोडले तर ते डुप्लिकेटचे, आणि टाळ्या पडल्या तर त्या नायकाला, असा हा विचित्र व्यवहार आहे. सहा फुटांहून उंच, सडसडीत आणि खोगिरावर दगडासारखा स्थिर बसणारा बेन जॉन्सन या कामासाठी जणू घडविलेलाच होता. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्युअर्ट अशा प्रख्यात नायकांच्या जागी तो घोडदौड करू लागला. १९४१ साली त्याने कॅरोल जोन्स या तरुणीशी विवाह केला. चित्रपटांना घोडे पुरविणाऱ्या एका मोठ्या तबेल्याच्या मालकाची ती कन्या होती.

त्या काळात घोड्यांच्या बाबतीत काही क्रूर प्रकारही चालत. दौडत्या घोड्याच्या पायांना तार बांधून, ठरावीक जागी ती ताणली जाईल अशी योजना करून त्याला तोंडघशी पाडीत. दृश्य भयंकर खरे वाटे. पण त्यात कित्येक घोडे लुळे होत, काही मरतही. १९३९ साली एका चित्रपटासाठी घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात लोटण्यात आले आणि तो घोडा मेला. तेव्हा लोकांत मोठा संताप उसळला. त्यानंतर १९४० पासून प्राण्यांना दयेने वागविण्यासाठी झटणाऱ्या संस्थेचे प्रतिनिधी चित्रणाच्या जागी देखरेख करू लागले. घोड्याला न दुखविता पडायला शिकविणे आणि त्याच्याबरोबर आपणही युक्तीने पडणे, ही पुढे एक स्वतंत्र कला झाली. ज्यांचे बालपण जनावरांच्या सहवासात गेले होते, त्यांना या कलेत विशेष मान मिळाला.

बेनच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते 'फोर्ट अपाची' या चित्रपटाच्या वेळी. हा चित्रपट १९४८ साली प्रकाशित झाला. त्याचा दिग्दर्शक होता जॉन फोर्ड. फोर्ड हा वेस्टर्न चित्रपटांचा महान शिल्पकार. पण स्वभावाने मोठा तिखट. त्याच्या चित्रणस्थळी मोठमोठे नटही दबकून असत. हेन्री फोंडा या नटाच्या जागी घोडदौड करण्यासाठी बेनला नेमले होते. एके दिवशी चित्रण चालू असताना एका गाडीचे घोडे एकाएकी बुजले आणि चौखूर उधळले. गाडीत तीन माणसे होती. लगाम कोणाच्याही आटोक्यात राहिला नाही. गाडी उलटली असती, तर त्या माणसांचे काय झाले असते, हे सांगावयास नको. भोवती पुष्कळ लोक होते. परंतु अशा वेळी धावून चालत नाही आणि ओरडूनही चालत नाही. बेन तेव्हा योगायोगाने घोड्यावर बसलेला होता. क्षणाचाही विलंब न लावता त्याने घोड्याला टाच मारली, उधळलेल्या घोड्यांना गाठले आणि गाडी थांबविली. तिघांचेही प्राण वाचले. हा प्रसंग कथेत लिहिलेला नव्हता. तेथे डुप्लिकेट म्हणून उभा असलेला मनुष्य या प्रसंगी मात्र खराखुरा नायक ठरला.

याचे फळ तुला मिळेल, असे फोर्डने त्याला सांगितले. बेनला वाटले, फार तर पुढच्या चित्रपटात डुप्लिकेटचे काम मिळेल. नशीब जोरावर असेल, तर बोलण्यासाठी चार शब्दही मिळतील. काही दिवसांनी फोर्डने त्याला कचेरीत बोलावून एक लिफाफा हाती दिला. त्यात नट म्हणून काम करण्याचा सात वर्षांचा करार होता. बेन तो वाचू लागला. पाचव्या ओळीवर आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा आला. पुढे वाचण्याच्या भानगडीत न पडता त्याने लेखणी उचलली, सही केली आणि कागद परत दिला, अशी हकीकत तो पुढे स्वतः सांगत असे.

आता त्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसू लागला. १९४९ साली 'मायटी जो यंग' या चित्रपटात तो चक्क नायक झाला. हा एका महाकाय गोरिलाचा चित्रपट. लहानशी बाहुली कणाकणाने हलवून प्रत्येक हालचालीचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावयाचे आणि ती छायाचित्रे वेगाने दाखवून बाहुली जिवंत भासवावयाची, या युक्तीने तो गोरिला पडद्यावर चालविला होता. त्याच वर्षी फोर्डच्या 'शी वोअर अ यलो रिबन' या चित्रपटात बेनने टायरी नावाच्या सार्जंटची भूमिका केली. कप्तानाने काही विचारले, की हा सार्जंट प्रथम 'ते माझे काम नव्हे' अशा अर्थाचे काहीतरी बोले आणि मग अचूक उत्तर देई. मॉन्युमेंट व्हॅली या प्रदेशातील तांबड्या शिळांच्या पार्श्वभूमीवर घोडा फेकीत निघालेला टायरी पाहताना प्रेक्षकांना एक गोष्ट मनोमन पटे : हा मनुष्य घोडेस्वाराचे सोंग आणीत नाही, हा मुळातच घोडेस्वार आहे. १९५० सालच्या 'वॅगन मास्टर' या चित्रपटात फोर्डने त्याला प्रमुख भूमिका दिली. गाड्यांच्या तांड्याला वाट दाखविणाऱ्या घोड्यांच्या व्यापाऱ्याची ही भूमिका होती. मोठ्या नावाचा एकही नायक नसलेला हा साधा चित्रपट स्वतः फोर्डला अतिशय प्रिय होता.

त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रांद' या चित्रपटात एक विलक्षण दृश्य आहे. दोन घोडे शेजारी शेजारी दौडत आहेत. स्वार बसलेला नाही, तो उभा आहे! एक पाय एका घोड्याच्या पाठीवर, दुसरा पाय दुसऱ्याच्या. हातात लगाम, आणि पुढे ओलांडावयाचा अडसर. या प्रकाराला रोमन पद्धतीची घोडेस्वारी म्हणतात. बेन आणि त्याचा मित्र हॅरी कॅरी धाकटा, या दोघांनी सराव करून ही कसरत आत्मसात केली. दोन्ही घोडे समान वेगाने धावले तरच स्वार उभा राहतो. एक घोडा जरा मागे पडला, तर स्वार जमिनीवर येतो. या दृश्यात कोणी डुप्लिकेट नव्हते.

परंतु याच चित्रपटाच्या वेळी एक अप्रिय प्रसंग घडला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी बेन आणि कॅरी दिवसभराच्या चित्रणाविषयी आपसांत बोलत होते. गोळीबार पुष्कळ झाला, पण त्या मानाने पडणारे स्वार थोडे, असे काहीसे बेन सहज बोलून गेला. ते फोर्डच्या कानी पडले. आपल्या कामाला कोणी नावे ठेवीत आहे, असे वाटून तो सर्वांसमक्ष बेनवर कडाडला. बेन शांतपणे उठला, बाहेर जाताना फोर्डपाशी थांबला आणि त्याने आपले मत त्याला रोखठोक ऐकविले. दुसऱ्या दिवसापासून काम पूर्ववत चालू झाले. वरवर पाहता सारे मिटले होते. पण चित्रपट पुरा झाल्यावर फोर्डने त्याला पुन्हा बोलावले नाही. एक, दोन नव्हे, तर दहा वर्षांहून अधिक काळ बोलावले नाही. १९६४ सालच्या 'शायान ऑटम' या चित्रपटात हे दोघे पुन्हा एकत्र आले. ज्याने बेनला मातीतून वर आणले, त्याच्यापुढेही बेनने मान तुकविली नाही. आणि त्याची किंमत मोजताना तक्रारही केली नाही.

फोर्डचे दार बंद झाले, तेव्हा दुसरे दार उघडले. जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाच्या 'शेन' या चित्रपटात त्याला ख्रिस कॅलोवे ही भूमिका मिळाली. हा चित्रपट १९५३ साली प्रकाशित झाला. कॅलोवे हा जुलमी पशुमालकाच्या पदरचा दांडगा नोकर. दुकानात गोड पेय घेण्यास आलेल्या शेनची तो चारचौघांत टवाळी करतो. पुढे शेन त्याला चांगलाच चोप देतो. येथवरची भूमिका कोणत्याही खलपुरुषाची असावी तशी आहे. पण कथेच्या शेवटी हाच कॅलोवे रात्री शेनकडे येतो, मालकाने रचलेला कपटाचा डाव त्याला सांगतो आणि आपण ती चाकरी सोडीत असल्याचे कळवितो. अवघ्या काही वाक्यांत एका दुष्टाचा माणूस झालेला दिसतो. ही दोन-चार वाक्ये बेनने अशी उच्चारली आहेत, की त्यांत पश्चात्तापाचे अवडंबर नाही. मात्र त्याच्या शब्दांवर कोणाचाही विश्वास बसावा. सहायक नटाचे सामर्थ्य कशात असते, याचा हा उत्तम धडा आहे.

'शेन' गाजत होता त्या १९५३ साली बेन जॉन्सन मात्र हॉलिवूडमध्ये नव्हता. त्याने चित्रपटांकडे पाठ फिरवून रोडिओच्या मैदानात उडी घेतली होती. गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांना रोडिओ म्हणतात. हाही शब्द स्पॅनिश असून त्याचे मूळ 'वेढणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. उसळणाऱ्या घोड्यावर ठरावीक वेळ टिकून राहणे, पळत्या वासराला फास टाकून बांधणे, अशा अनेक स्पर्धा त्यात असतात. बेन ज्या प्रकारात उतरला, त्यात दोन स्वारांची जोडी असते. पहिला स्वार पळत्या बैलाच्या शिंगांवर फास टाकून त्याला वळवितो. दुसरा त्याच क्षणी त्याच्या मागच्या पायांत फास अडकवितो. सारा खेळ काही सेकंदांचा. येथे दिग्दर्शक 'पुन्हा एकदा' म्हणत नाही, आणि कॅमेऱ्याची कोणतीही युक्ती चुकलेला फास शिंगांवर नेऊन बसवीत नाही. बेनच्या वडिलांनी या विद्येत कीर्ती मिळविली होती. आपणही ती मिळवावी, ही त्याची मनीषा होती. वर्षभर तो मोटारीमागे घोड्याची गाडी जोडून गावोगाव हिंडला. वर्षअखेरीस त्या प्रकारातील जागतिक अजिंक्यपद त्याने पटकाविले. पण हिशेब केला, तेव्हा प्रवास आणि घोड्यांचा खर्च जाऊन हाती तीन डॉलरदेखील उरले नव्हते. आपल्यापाशी उरली होती ती झिजलेली मोटार आणि संतापलेली पत्नी, असे तो नंतर विनोदाने म्हणे. तो मुकाट्याने चित्रपटांकडे परतला.

पुढील वर्षांत त्याने लहानमोठ्या अनेक भूमिका केल्या. कधी नायकाचा सोबती, कधी शिपाई, कधी गुराखी, तर कधी दरोडेखोर. सॅम पेकिन्पा या दिग्दर्शकाच्या 'द वाइल्ड बंच' या १९६९ सालच्या चित्रपटात तो मावळत्या युगातील एका दरोडेखोराच्या रूपात दिसतो. याच काळात वेस्टर्न चित्रपटही बदलत होता. पूर्वीच्या पुष्कळ चित्रपटांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना केवळ क्रूर शत्रू म्हणून रंगविले जाई. त्यांची भूमी हिरावून घेतली गेली, करार मोडले गेले, ही दुसरी बाजू पडद्यावर क्वचितच येई. मॉन्युमेंट व्हॅली ही नाव्हाहो लोकांची भूमी. परंतु पडद्यावर त्यांना दुसऱ्याच जमातींचे लोक म्हणून उभे केले जाई. 'शायान ऑटम' या चित्रपटात फोर्डने, वयाच्या सत्तरीला पोहोचल्यावर, आपल्या मायभूमीकडे परतू पाहणाऱ्या शायान लोकांची बाजू मांडली. जुने चित्रपट पाहताना त्यांतील कौशल्याचे कौतुक अवश्य करावे. पण ते म्हणजेच इतिहास, असे समजू नये.

बेन स्वतःला मोठा नट कधीच समजला नाही. गावातील कोणीही आपल्याहून चांगला अभिनय करील, पण बेन जॉन्सनचे काम मात्र आपल्याइतके चांगले कोणाला जमणार नाही, असे तो म्हणे. त्याने एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली होती. आपल्याला आयुष्यभर अपयशाची भीती वाटत आली आणि म्हणून जे आपल्याला येते, त्यालाच आपण चिकटून राहिलो, असे तो सांगे. उधळलेल्या घोड्यांना न घाबरणारा हा मनुष्य शब्दांना घाबरत असे. लांबलचक संवाद दिसले, की त्याला संकोच वाटे. घोड्यावर बसवा, दोर हाती द्या, मग काहीही सांगा, अशी त्याची वृत्ती होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी नेमकी याच वृत्तीची परीक्षा झाली.

पीटर बोग्डानोविच या तरुण दिग्दर्शकाने 'द लास्ट पिक्चर शो' हा चित्रपट काढावयास घेतला होता. टेक्सासमधील एक ओसाड होत चाललेले गाव, तेथील तरुण मुले आणि बंद पडण्याच्या बेतात आलेले चित्रपटगृह, असा त्याचा विषय. रंगीत चित्रपटांच्या जमान्यात त्याने हा चित्रपट मुद्दाम कृष्णधवल केला. त्यात सॅम नावाचा एक वृद्ध आहे. गावातील चित्रपटगृह, उपाहारगृह आणि बिलियर्डचा अड्डा या तिन्हींचा तो मालक, आणि गावाच्या अब्रूचा जणू शेवटचा राखणदार. ही भूमिका बेन जॉन्सननेच करावी, असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. बेनने नकार दिला. संवाद फार आहेत, हे एक कारण. आणि त्यांत शिवराळ शब्द आहेत, हे दुसरे. अखेर दिग्दर्शकाने जॉन फोर्डला मध्यस्थी करण्याची विनंती केली. म्हाताऱ्या फोर्डने बेनला बोलावून विचारले, की जन्मभर तुला जॉन वेनचा जोडीदार म्हणूनच राहावयाचे आहे काय? ज्याने एकेकाळी त्याला दूर लोटले होते, त्यानेच आज त्याला पुढे ढकलले. बेन तयार झाला. पण एका अटीवर. आपल्या तोंडचे वाईट शब्द आपण काढून टाकू आणि संवाद आपल्या परीने बोलू. दिग्दर्शकाने ती अट मान्य केली.

या चित्रपटात सॅम पडद्यावर दिसतो तो जेमतेम दहा मिनिटे. त्याच्याजवळ घोडा नाही, दोर नाही, पिस्तूल नाही. एका प्रसंगी तो तळ्याच्या काठी मासे धरीत बसला आहे. शेजारी दोन मुले आहेत. आकाशात ढग सरकत आहेत. सॅम आपल्या तरुणपणाची, फार वर्षांपूर्वी याच तळ्याकाठी घालविलेल्या दिवसांची आठवण सांगतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ येतो आणि पुन्हा दूर जातो. आवाजात चढउतार थोडेच. हातवारे जवळजवळ नाहीतच. पण त्या काही क्षणांत एका संपूर्ण आयुष्याचे सुख आणि हुरहुर प्रेक्षकांच्या अंतःकरणाला भिडते. पुढे सॅम मरण पावतो आणि त्याच्यामागे गावातील चित्रपटगृहही बंद होते. उरलेल्या चित्रपटभर तो कोठेच दिसत नाही. तरीही त्याची उणीव प्रत्येक दृश्यात जाणवते.

१० एप्रिल १९७२ रोजी ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. त्याच रात्री वृद्ध चार्ली चॅप्लिनला गौरवपारितोषिक देण्यात आले, म्हणून हा समारंभ विशेष स्मरणीय ठरला. उत्तम सहायक नटाचे पारितोषिक जाहीर झाले ते बेन जॉन्सनच्या नावे. ज्या भूमिकेला तो नको म्हणत होता, तिनेच त्याला हा मान मिळवून दिला. आभार मानताना, हा मान याहून भल्या माणसाला मिळालाच नसता, असे काहीसे मिस्कीलपणे बोलून त्याने सभागृहाला हसविले. रोडिओतील जागतिक अजिंक्यपद आणि ऑस्कर हे दोन्ही मान मिळविणारा तो एकमेव मनुष्य आहे. पुढे त्याला मित्रमंडळींत कोणता मान मोठा वाटतो, असे विचारण्याचे कारणच नव्हते. एक मान त्याने जे येत होते त्यात प्रावीण्य दाखवून मिळविला होता. दुसरा, जे येत नाही असे वाटत होते, त्याला सामोरे जाऊन मिळविला होता.

या यशानंतरही तो बदलला नाही. १९७५ सालच्या 'बाइट द बुलेट' या चित्रपटात लांब पल्ल्याच्या घोड्यांच्या शर्यतीत उतरलेल्या एका निनावी वृद्धाचे काम त्याने केले. आयुष्यात एकदा तरी आपले नाव व्हावे, ही त्या वृद्धाची आस प्रेक्षकांना चटका लावून जाते. अनाथ आणि आजारी मुलांच्या साहाय्यार्थ भरविल्या जाणाऱ्या रोडिओंच्या खेळांत तो आपणहून भाग घेई. १९८२ साली पश्चिमेकडील थोर कलावंतांच्या मालिकेत ओक्लाहोमा येथील संग्रहालयाने त्याचे नाव समाविष्ट केले. १९९४ साली हॉलिवूडच्या प्रसिद्ध पदपथावर त्याच्या नावाची चांदणी बसविण्यात आली. त्याच वर्षी त्याच्या पत्नीचे निधन झाले. त्यांचा संसार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनातील मेसा येथे बेन आपल्या आईला भेटावयास गेला असता हृदयविकाराने त्याचा अंत झाला. तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता; त्याची आई नव्वदी ओलांडून गेलेली होती. ओक्लाहोमातील पॉहस्का या गावी, ज्या टेकड्यांवर तो घोडा शिकला त्यांच्या सान्निध्यात, त्याचे दफन करण्यात आले. त्या गावात आज त्याच्या नावाचे काउबॉय संग्रहालय आहे. ज्या चॅपमन-बार्नार्ड कुरणांवर त्याचे वडील मुकादम होते, त्यांचा मोठा भाग १९८९ साली एका निसर्गरक्षक संस्थेने विकत घेतला. १९९३ पासून तेथील उंच गवतात अमेरिकेचे जंगली गवे पुन्हा चरू लागले आहेत.

चित्रपटांच्या इतिहासात नायकांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात, आणि ते योग्यही आहे. पण जो जाणतेपणाने चित्रपट पाहतो, तो नायकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहतो. त्यांपैकी एखादा खोगिरावर अगदी सहज बसलेला असतो, कमी बोलतो, आणि वेळ आली की सर्वांच्या आधी घोड्याला टाच मारतो. असा स्वार दिसला, की बेन जॉन्सनची आठवण व्हावी. त्याने भूमिका लहान की मोठी, हे मोजले नाही. ती आपल्या हातून खरी उतरते की नाही, एवढेच पाहिले. म्हणूनच त्याची ती दहा मिनिटे अनेकांच्या दोन-दोन तासांहून अधिक काळ स्मरणात राहिली आहेत.